सुईताईची खुर्ची

आमच्या लॅबमध्ये पाऊल टाकलंत की पहिली मी दिसते. काउंटर, संगणक, पावत्यांचं यंत्र आणि त्यांच्यामागे मी. एका बाजूला थांबणाऱ्यांसाठी सहा खुर्च्या. त्यातली एक डुगडुगते आणि बरोबर तीच सगळ्यात जाड माणसाच्या वाट्याला येते. दुसऱ्या बाजूला काचेचं दार, आणि दारापलीकडे रक्त काढायची खुर्ची, रुंद हातांची, काळ्या रेक्झिनची. त्या खुर्चीवर बसायचे पेशंट, पण खुर्ची सुईताईची होती. वीस वर्षं होती.

सुईताई हे नाव तिला एका चार वर्षांच्या मुलीने ठेवलं आणि ते सगळ्यांनी उचललं. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथेच राहिलं. तिचं कसब असं की ती शीर बघायची नाही, चाचपायची. डोळे छताकडे, तर्जनी दंडाच्या खोबणीत, आणि बोट थांबलं की सुई आत. माणूस "आता टोचणार का?" असं विचारेपर्यंत ती कापूस लावून मोकळी व्हायची. म्हाताऱ्यांच्या निसटत्या शिरा, जाड दंडात खोल दडून बसलेल्या शिरा, तीन ठिकाणी भोसकून घेऊन आलेल्यांच्या रुसलेल्या शिरा, सगळ्या तिला एका टोचण्यात सापडायच्या. कुठून कुठून लोक आमच्याकडे यायचे ते तिच्या बोटासाठी, आमच्या रंगवलेल्या भिंतींसाठी नव्हे.

दुसरा तंत्रज्ञ होता डबल. चाळिशीचा, भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला शीर पहिल्या खेपेला कधीच मिळाली नाही, म्हणून डबल. त्याचा हात थरथरायचा आणि घाईत तो सिरिंजचा दट्ट्या असा खसकन ओढायचा की रक्त फेसाळत यायचं. सुईताई त्याला सगळ्यांदेखत झोडपायची. तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचा.

आता तिच्या कातडीबद्दल सांगते, कारण सगळं त्यावरूनच घडलं. तिला सोरायसिस होता. कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर आणि केसांच्या कडेने लाल चट्टे, त्यांच्यावर चंदेरी पापुद्रे. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात तिने मला बाही वर करून दाखवलं.

"नीट बघून घे," म्हणाली. "मग चोरून बघायला नको. हा दुसऱ्याला लागत नाही. माझी कातडी घाईत असते, एवढंच. तुझी बनायला महिना लागतो, माझी चार दिवसांत तयार. बनते नि गळते."

मी "हो हो, मला माहितीये" म्हटलं. आणि त्यानंतर महिनाभर माझा चहाचा कप मी वेगळा विसळून ड्रॉवरमध्ये ठेवत होते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. लाज वाटते. तिला ते पहिल्या दिवशीच कळलं असणार.

गेल्या थंडीत तिचा आजार भडकला. कोपरांवरचे चट्टे खाली सरकत मनगटांपर्यंत आले, हातांच्या पाठीवर आले. पोट आणि पाठ तर विचारूच नका. नखांना खड्डे पडले. ती हातमोजे घालूनच काम करायची, पण मोजा आणि बाही यांच्या मधे चार बोटं जागा उरायची आणि लोकांची नजर तेवढीच जागा शोधायची. मग एकेक जण काउंटरवर वाकून माझ्या कानाशी यायचा. दुसरं कुणी नाहीये का? मी म्हणायचे, लागत नाही हो ते. ते म्हणायचे, नाही, नाही, तसं नाही, सहजच. मला या सहजच म्हणणाऱ्यांचा भयंकर राग येतो. शिवी द्यायची तर तोंडावर द्या आणि मोकळे व्हा.

शेवटी एका बाईंनी लेखी तक्रार दिली. आमचे सर, म्हणजे लॅबचे मालक डॉक्टर, त्यांनी ती तीनदा वाचली. सर दुष्ट नाहीत, घाबरट आहेत. त्यांनी सुईताईला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि चहा निवेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग म्हणाले, "ताई, तीन महिने जरा मागच्या खोलीत मशीन सांभाळा. पुढे डबल बघेल. तुमची कातडी साफ झाली की खुर्ची तुमचीच. नाही झाली, तर मग आपल्याला कायमची काहीतरी सोय करावी लागेल."

ती बाहेर आली तेव्हा कानापर्यंत लाल झाली होती. माझ्या काउंटरवर तिने चहाचा भरलेला कप ठेवला.

"तीन महिने दिलेत," म्हणाली. "बघून घेते."

मागची खोली म्हणजे बिनखिडकीची पेटी. एक रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, एक आकडे देणारं मशीन, सिंक, फ्रीज आणि सदान्‌कदा भुणभुणणारी ट्यूबलाइट. वीस वर्षं माणसांशी बोलणारी बाई तिथे नळ्यांशी बोलायला लागली. आणि पुढे डबलने दंडादंडावर निळी जांभळी नक्षी काढली. लोक कुरकुरत यायचे, कण्हत जायचे, पण तक्रार एकानेही लिहून दिली नाही. चट्टे दुसऱ्याच्या कातडीवर असले की त्रास होतो, स्वतःच्या दंडावर उमटले की चालतं, हे मला तेव्हा कळलं.

सुईताईने आधी औषधं केली नव्हती असं नाही. आठ वर्षं नुसतं मलम लावलं. मग आठवड्याला एकदा घ्यायची गोळी घेतली, मेथोट्रेक्सेट नावाची. तिने निम्मे चट्टे गेले, पण डोस वाढवला की मळमळायचं, म्हणून सोडली. मग दवाखान्यातल्या प्रकाशाच्या कपाटात उभं राहून उपचार घेतले. कातडी छान झाली आणि बंद करताच चार महिन्यांत होती तशी झाली. याशिवाय शेजारपाजारचे सल्ले होतेच. कुणी मीठ सोडायला सांगे, कुणी दूध, कुणी राग सोडायला सांगे. राग सोडायला सांगणाऱ्याला तिने दारातूनच परत पाठवलं होतं.

या खेपेला ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली ती भांडायच्या तयारीने. "एकेक करून सगळं झालं," म्हणाली, "आता काय उरलंय ते सांगा." डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, कपाट हलवलंय का कधी घरातलं? एकट्याने उचललं तर कंबर जाते. तिघांनी धरलं तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच वजन येतं आणि कपाट हलतं. तुमच्या बाबतीत आपण तिघांना एकत्र लावू. गोळी कमी डोसची, तिच्या जोडीला प्रकाश, आणि जिथे चट्टे जाड तिथे मलम. मात्र तिघांवर लक्ष ठेवायचं. गोळी लिव्हरला आणि रक्तातल्या पेशींना त्रास देऊ शकते, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. आकडे बिघडले तर गोळी थांबेल. त्यात तडजोड नाही.

"रक्ताची काळजी नको," सुईताई म्हणाली. "तो आमचा घरचा धंदा आहे."

तिने वेळापत्रक लिहून मशीनच्या झाकणाला आतून चिकटवलं. रविवारी गोळी, आठवड्यातून एकदाच, आणि तो एकदाच शब्द तिने तीन वेळा गिरवला होता. बुधवारी फॉलिक अॅसिड, त्या गोळीचा त्रास कमी करायला. सोमवार, बुधवार, शुक्रवार प्रकाश. मलम रोज झोपताना. प्रकाशाच्या दिवशी ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात जायची, काळा चष्मा घालून उभ्या कपाटात काही सेकंद उभी राहायची आणि परत यायची. "भाजून आले," असं म्हणत डबा उघडायची.

घरी तिच्या सासूबाई होत्या आणि बस चालवणारा नवरा. पाठीला मलम लावायला दोघंही तयार होते. सासूबाई तर हट्टच करायच्या. हिने रंगाऱ्याचा लांब दांड्याचा ब्रश विकत आणला, त्याला मऊ कापड बांधलं आणि आरशाकडे पाठ करून, मान वाकडी करकरून स्वतःच मलम लावायला सुरुवात केली. सासूबाई एकदा रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा माझ्याकडे रडल्याच.

"एवढी भिंत रंगवल्यासारखी रंगवते गं स्वतःला. मी काय परकी आहे? हात लावू देत नाही पाठीला."

मी सुईताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "लोकांनी तोंड वाकडं केलेलं मला चालतं. घरच्यांनी सरळ ठेवायचा प्रयत्न केलेला बघवत नाही."

रक्ताचंही तसंच. लॅबमध्ये तिच्याशिवाय सुई धरणारा एक डबल, आणि त्याच्यापुढे दंड उघडा करायचा म्हणजे तिच्या दृष्टीने मरण. म्हणून ती सकाळी साडेसहाला, आम्ही कुणी यायच्या आत, मागच्या खोलीत स्वतःचं रक्त स्वतःच काढायची. रबरी पट्टा दातात धरून बांधायची आणि उजव्या हाताने डाव्या दंडात सुई. पहिल्या दोन्ही वेळा जमलं. आकडे सरळ आले.

आणि कपाट हललं! सातव्या आठवड्यात तिने मला मागच्या खोलीत ओढून नेलं आणि बाही वर केली. मनगटं मोकळी झाली होती. कोपरांवर लाल नकाशाच्या जागी फिकट डाग उरले होते. मी तिच्या हातावरून हात फिरवला, तिला न विचारता. ती दचकली, पण हात काढून घेतला नाही. मला अगदी भरून आलं. तिने लगेच "पुरे, पुरे, पेशंट आलेत" म्हणून मला हाकललं.

आठव्या आठवड्यात आकडा चढला. लिव्हरच्या तपासणीत दोन आकडे मुख्य असतात, एसजीओटी आणि एसजीपीटी. रिपोर्ट मीच टाइप करते, त्यामुळे मला तेवढं कळतं. एसजीपीटी जागच्या जागी होता. एसजीओटी चाळिसाच्या आत हवा, तो एकशे अठरा. डॉक्टरीणबाईंनी गोळी ताबडतोब बंद केली. दारू घेता का, असंही विचारलं, तेव्हा सोबत गेलेल्या सासूबाईंना इतका राग आला की त्या परत जाईपर्यंत त्या दवाखान्यात पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एकच आकडा कसा वाढला? रक्त कुणी काढलं होतं?

"लॅबमध्येच काढलं," सुईताई म्हणाली.

खोटं नव्हतंच ते. पण खरंही नव्हतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं. सत्त्याण्णव. गोळी बंदच राहिली. नुसत्या प्रकाशाला आणि मलमाला ते वजन पेलेना. हातांवर पुन्हा लाली आली, पापुद्रे आले. तीन महिन्यांतले दोन आठवडे उरले होते. सर येता जाता तिच्या बाहीकडे बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे. तिला त्यांनी पूर्ण बाह्यांचा कोट घालायला दिला होता, आत बिनखिडकीच्या खोलीत, जिथे तिला बघायला नळ्यांशिवाय कुणी नव्हतं.

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. एकदा फक्त म्हणाली, "माझं लिव्हर गेलं तर गेलं, मी गोळी घेणार." मी म्हटलं, "ताई, घेऊन बघा, मी स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन करीन." आम्ही दोन दिवस एकमेकींशी अबोला धरला. गोळी तिने घेतली नाही, हेही सांगितलं पाहिजे. चिडकी होती, मूर्ख नव्हती.

पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मी मागच्या खोलीत कागद आणायला गेले. डबल फ्रीज उघडून उभा होता. त्याच्या हातात एक नळी होती, नाव नसलेली, झाकणावर फक्त शाईचा एक ठिपका. रक्त यंत्रात फिरवलं की लाल पेशी तळाला जातात आणि वर पाणी राहतं, आकडे त्या पाण्यातून मिळतात. ते पाणी फिक्या पिवळ्या रंगाचं असतं. या नळीतलं गुलाबी होतं.

"ताई, ही तुमची?" डबलने विचारलं.

"ठेव ती," सुईताई मशीनकडे तोंड करूनच म्हणाली. "आता चढवायची आहे."

"ही नाही चढवायची."

डबलने सात वर्षांत कुणालाही नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सुईताई गर्रकन वळली.

"तू मला शिकवणार? माझ्या रक्तावर तू बोलणार?"

"तुमच्या नाही," तो म्हणाला. घाबरला होता, आवाज चिरकत होता, पण नळी त्याने सोडली नाही. "या रंगावर. हा रंग मी सात वर्षं काढतोय, ताई. दर वेळी तुम्ही माझी नळी सिंकमध्ये ओतलीत नि सगळ्यांसमोर मला सांगितलंत. ओढून काढलं की पेशी फुटतात. पेशी फुटल्या की त्यांच्यातला एसजीओटी पाण्यात उतरतो नि आकडा खोटा चढतो. गुलाबी नळी मशीनवर चढवायची नाही. मला पाठ आहे हे. मागच्या दोन नळ्या पण अशाच होत्या का?"

सुईताईने डावा हात मागे घेतला. तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर कापूस चिकटवलेला होता. दंडातली शीर त्याच जागी टोचून टोचून दुखावली होती, म्हणून ती आता हातावरच्या बारीक शिरेतून, लहान मुलांच्या बारीक सुईने काढत होती. एका हाताने सुई धरायची, त्याच हाताने दट्ट्या ओढायचा. दुसऱ्या कुणाचं असं काढलेलं रक्त तिने शिव्या घालत ओतून दिलं असतं.

"तुम्हाला दिसलं नाही?" मी विचारलं.

"दिसलं," ती म्हणाली. ती स्टुलावर बसली. "तिन्ही वेळा दिसलं. म्हटलं, थोडंसंच आहे. म्हटलं, ट्यूबलाइटमुळे दिसतं तसं. परत काढायचं म्हणजे ह्याच्यापुढे हात करायला लागला असता." तिने डबलकडे बघितलं. "मी जगाला ओरडून सांगते, माझा हात लागला म्हणून तुम्ही मरणार नाही. नि माझ्या हाताला कुणी हात लावायचा म्हटलं की माझा जीव जातो. गोळी बंद केली डॉक्टरांनी, पण खरी बंद केली ती मीच."

डबलने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिने त्याच्यावर डोळे वटारले, तसा त्याने तो परत खिशात घातला.

तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. फोनवरून आलेला आवाज मलाही ऐकू आला. मी तुम्हाला विचारलं होतं ना, रक्त कुणी काढलं ते? मी त्यावर तुमचं औषध थांबवते, आणि तुम्ही मला रंगीत पाणी पाठवता? आज, आत्ता, दुसऱ्या कुणीतरी रक्त काढायचं. तो आकडा नीट आला तर गोळी कमी डोसपासून पुन्हा सुरू करू, आणि दोन आठवड्यांनी परत बघू. सुईताई मुकाट्याने हो, हो म्हणत होती. तिला कुणी झापलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"इथेच घेऊ या," डबल म्हणाला. "दार लावतो."

"का? चोरी करतोयस?" ती उठली. "रक्त काढायची जागा पुढे आहे."

साडेआठ वाजले होते. सगळ्यात गर्दीची वेळ. उपाशी पोटी आलेली माणसं, सहाच्या सहा खुर्च्या भरलेल्या, चार जण भिंतीला टेकलेले. सुईताई काचेचं दार उघडून पुढे गेली आणि दार तिने उघडंच ठेवलं. तो पूर्ण बाह्यांचा कोट काढून माझ्या काउंटरवर टाकला. आत बिनबाह्यांचं पोलकं होतं. खांद्यापासून बोटांपर्यंत दोन्ही हात उघडे, लाल, पापुद्र्यांचे, आणि ती रक्त काढायच्या खुर्चीत बसली, वीस वर्षांत पहिल्यांदा.

सगळ्यांच्या नजरा तिच्या हातांवर आल्या. फक्त डुगडुगती खुर्ची वाजत होती.

डबलने हातमोजे चढवले, उजव्या दंडाला पट्टा बांधला आणि बोटाने चाचपायला लागला. बरोबर चट्ट्यावरच. तिने डोळे मिटून घेतले. सुईला ती कधीच भीत नव्हती. भीत होती ती त्या बोटाला. त्याने सुई घातली. शीर निसटली.

"डबल!" ती ओरडली. भिंतीला टेकलेल्यांपैकी कुणीतरी हसलं.

"सॉरी, ताई."

"सॉरी नको. बघू नकोस, चाचप. छताकडे बघ. हां. लागली? आता आत. आणि ओढू नकोस, येऊ दे त्याला, त्याच्या चालीने येऊ दे. हं."

रक्त आलं, संथ, बिनफेसाचं. डबलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने नळी भरली, तिच्यावर तिचं पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि ती दोन्ही हातांत धरून आत गेला. सुईताई कापूस दाबून उठली. मला वाटलं, आता ती त्याच्यामागे जाईल. तिने कोपऱ्यातलं स्टूल पायाने पुढे ओढलं, हात धुतले, नवे मोजे चढवले आणि दारातून डोकं बाहेर काढलं.

"पुढचा नंबर?"

"चौदा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं. "नंबर चौदा."

चौदा नंबर म्हणजे इस्त्रीची पँट घातलेले एक गृहस्थ. ते मोबाइलमध्ये बघत राहिले. मग म्हणाले, "मी थांबतो. त्या साहेबांना येऊ देत."

"ते मशीनवर आहेत," सुईताई म्हणाली. "थांबायचं तर थांबा. पंधरा?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीच उठलं नसतं तर मी उठणार होते, माझं रक्त काढायला सांगणार होते, असं मी आता म्हणते. खरंच उठले असते का, माहीत नाही. तेवढ्यात भिंतीजवळच्या एका बाईने हातातली पिशवी खांद्याला लावली. कारखान्याचा निळा पोशाख होता, पायात जाड बूट.

"पंधरा मी आहे," ती म्हणाली. "लवकर करा बाई, सव्वानऊचा भोंगा चुकला तर अर्धा दिवस जातो माझा."

ती जाऊन बसली. सुईताईच्या हातांकडे तिने एकदा बघितलं, पुरेसं बघितलं आणि विचारलं, "दुखतं का हो हे?"

"खाजतं," सुईताई म्हणाली. "मूठ आवळा."

सोळा उठला. मग सतरा. अठरा नंबरच्या आजोबांनी "आज हिचा हात आहे होय!" म्हणून आनंदाने बाही वर केली. इस्त्रीच्या पँटवाल्या गृहस्थांनी अर्धा तास वाट पाहिली आणि ते निघून गेले. सर दहा वाजता आले, तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत आल्या होत्या आणि सुईताई उघड्या हातांनी शेवटच्या पेशंटला कापूस लावत होती. सर दारात थबकले, माझ्याकडे बघितलं आणि केबिनमध्ये गेले.

अकराला डबल रिपोर्ट घेऊन आला. एसजीओटी एकतीस. त्याने तो कागद स्वतः सरांपुढे नेऊन ठेवला. सरांनी तिला हाक मारली. ती गेली, पण बसली नाही, आणि केबिनचं दारही तिने लावलं नाही.

"फार छान झालं, ताई," सर म्हणाले. "आता गोळी परत सुरू होईल. कातडी साफ झाली की आपण रीतसर तुम्हाला पुढे आणू. मी मुदत वाढवून देतो ना. काय घाई आहे?"

"सर, ही साफ होणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मीच तुम्हाला सांगितलं नाही. औषधांनी आटोक्यात राहील. कधी जाईल, कधी येईल. तिन्ही औषधं मी घेणार, दर महिन्याला डबलकडून रक्त काढून घेणार, घरी सासूबाईंकडून पाठीला मलम लावून घेणार. ते सगळं माझ्यासाठी. खुर्चीसाठी नाही. खुर्ची मला वीस वर्षांपूर्वी बोटासाठी मिळालीये, आणि बोट चांगलं आहे."

"अहो, पण पेशंट निघून गेले तर?"

मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी काउंटरवरून उठले, संगणकाचा पडदा केबिनच्या दाराकडे फिरवला आणि इतक्या मोठ्याने बोलले की शेजारच्या औषधांच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल.

"एक गेला, सर! चौदा नंबर. बाकी बावीस जण ताईंकडून टोचून घेऊन गेले. एकालाही दोनदा टोचावं लागलं नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात दार वाजलं, एक म्हातारी बाई मुलाच्या आधाराने आत आली, आणि सुईताई सरांकडे पाठ करून केव्हाच काचेच्या दारापलीकडे पोचली होती.